मी पाडलेली दरड

चहा निवला तर निवू दे, पण आधी हे ऐकून घ्या. मी हुशार आहे असा तुमच्यातल्या एकदोघांचा समज आहे. तो आज काढून टाकतो, म्हणजे पुन्हा कोणी माझा सल्ला विचारायला येणार नाही.

प्रोग्रॅमिंगवर माझं पोट चालतं हे तुम्हाला माहीत आहेच. कंपनी पुण्याची, घर महाडातलं. सकाळी लॅपटॉप उघडला की ऑफिस सुरू. आणि गेली दोन वर्षं माझ्या जोडीला एक एआय सहायक आहे. मी सांगतो, तो कोड लिहितो. मी चूक दाखवतो, तो नम्रपणे माफी मागतो आणि थोड्या वेळाने तीच चूक दुसरीकडे करून ठेवतो. एकूण आमचं बरं जमलं होतं.

त्याची एक खोड होती. त्याला ताजी खबर नसायची. त्याचं शिक्षण ज्या दिवशी संपलं, त्याच्या पुढचं जग त्याला ठाऊकच नाही. एखादी लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा गठ्ठा, सहा महिन्यांपूर्वी बदलली असली तरी हा जुनंच सांगणार, आणि तेही ठासून. माझ्या सासऱ्यांचंही तसंच आहे, पण त्यांना बदलायची सोय नाही. याला होती. याला इंटरनेटवरच्या शोधाशी जोडून देता येतं, म्हणजे तो उत्तर द्यायच्या आधी स्वतः जाऊन आजची पानं वाचून येतो.

मग काय, बसलो जोडायला. कुठल्या तरी शोधसेवेची किल्ली, म्हणजे एक लांबलचक सांकेतिक शब्द, घेतली, सेटिंगच्या फाइलमध्ये पाच ओळी लिहिल्या, त्यातला एक स्वल्पविराम राहिला म्हणून दोन तास डोकं आपटलं, आणि एकदाचा जोडला. पहिला प्रश्न कामाचाच विचारला. तो गेला, चार पानं वाचून आला, अचूक उत्तर दिलं आणि कुठे वाचलं ते खाली लिहिलं. मला इतका आनंद झाला की मी अण्णांना हाक मारली.

अण्णा म्हणजे माझे वडील. महाड आगारात एसटीचे ड्रायव्हर होते. उभा जन्म खेडच्या गाडीवर काढला. कशेडी घाटाचं वळण न् वळण त्यांना पाठ. ते आले, चष्मा लावून स्क्रीनकडे बघत राहिले.

"म्हणजे हा आता बाहेर जाऊन बघून येतो?"

"बघून नाही अण्णा, वाचून येतो."

"कोणी लिवलेला?"

"कोणी म्हणजे? जगाने."

"हां," म्हणाले, आणि परत झोपाळ्यावर जाऊन बसले.

त्यांचा तो दुसरा प्रश्न तेवढा लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

त्यानंतर मला नाद लागला. कोड बाजूला राहिला, मी त्याला काहीही विचारायला लागलो. वीर स्टेशनात गाडी किती वाजता येणार, सावित्री नदीला पाणी किती, उद्या ऊन पडणार का. खिडकी उघडली तर ऊन दिसलं असतं. पण खिडकीला काय, कोणीही विचारतं!

आता खरी गोष्ट. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली, गणपतीला पंधरवडा होता.

माझी एक आत्या होती. अण्णांची थोरली बहीण, अण्णा तिला आक्का म्हणायचे. आमचं मूळ गाव महाडजवळचं नाते, आणि आक्काला दिली होती कशेडीच्या पलीकडे, घाट उतरल्यावर पहिल्या फाट्याने आत गेलं की तिचं गाव. महाडहून गाडीने दीडेक तास. माझी आई गेली तेव्हा मी सहावीत होतो. त्या वर्षी आत्या स्वतःचं घर सुनेवर टाकून माझ्यासाठी महाडला येऊन राहिली. मला डबा करून द्यायची आणि मी पाढे चुकलो की माझ्याऐवजी मास्तरांवर चिडायची. "माझ्या भाच्याला सगळा येतो, मास्तरालाच ऐकू कमी येता," असं ती शाळेत जाऊन सांगून आलेली आहे. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. तिचा माझ्यावर विश्वासच तसा होता, आणि पुढे तोच नडला.

ती आजारी पडली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, दोन-चार दिवस म्हणाले. तिकडून वहिनीचा, म्हणजे आत्याच्या सुनेचा, सकाळी फोन आला. आत्याने दोनच गोष्टी मागितल्या होत्या. एक, बाळू. बाळू म्हणजे अण्णा. आणि दुसरं, माहेरचं पाणी. आमच्याकडे म्हातारी बाई जायला टेकली की तिच्या माहेरच्या विहिरीचं पाणी तिला पाजतात. मग ती सुखाने जाते म्हणतात. खरं-खोटं देव जाणे, पण तिने मागितलं होतं.

अण्णा तडक नात्याला गेले. आमच्या विहिरीवर आता कोणी जात नाही, नळ आले. त्यांनी पोहरा कुठूनसा मागून आणला, स्वतः पाणी शेंदलं आणि ड्रायव्हरकीच्या काळातली त्यांची पाण्याची बाटली, ती खाकी कापडात शिवलेली, भरून घेतली. दुपारी दोनला ते महाडला परत आले. मी गाडी बाहेर काढून ठेवली होती. निघायचं तेवढं बाकी होतं.

आणि मला अक्कल सुचली. म्हटलं, थांबा, घाटाचं काय आहे ते विचारून घेऊ.

आता महाडात कशेडीची खबर काढायची एक रीत आहे. बोगदा झाला तरी आम्ही घाटच म्हणतो, आणि पावसाळ्यात निघायच्या आधी ट्रकवाल्याला विचारतो. त्याची गाडी उतरली असेल तर रस्ता आहे. नसेल उतरली तर आपणही घरी बसावं. आमच्या समोरच हनीफचाचा राहतात, त्यांचे तीन ट्रक खेड-चिपळूणला जातात. अण्णा त्यांच्या दाराकडे निघालेच होते. मी म्हटलं, त्यांना कशाला त्रास, माझ्याकडे थेट जोडणी आहे.

मी टाइप केलं. कशेडी घाट आज चालू आहे का?

तो गेला, वाचून आला, आणि उत्तर आलं. घाटात दरड कोसळली आहे, बोगद्याकडे जाणारा रस्ताही बंद आहे, दरड हटवायला उद्या सकाळपर्यंतचा वेळ लागेल. खाली एका पानाचा दुवा. पानावर आजची तारीख. अजून खाली एक बारीक ओळ होती, की ही माहिती एकाच ठिकाणी मिळाली आहे, निघण्यापूर्वी स्थानिक लोकांकडे चौकशी करावी. ती ओळ मी वाचली नाही. स्थानिक लोक तोवर लुंगी सावरत आमच्या ओट्यावर येऊन उभे राहिले होते.

"काय रे सुध्या, आक्काकडे निघालाव ना? जावा बिनघोर," हनीफचाचा म्हणाले. "माझी गाडी आताच उतरली. रस्ता मोकळा हाय."

मी हसलो. आजही ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी त्यांना समजावलं की चाचा, तुमची गाडी उतरली ती मघाशी, दरड आली ती आता. हे बघा, आजची तारीख आहे. चाचा लुंगी सावरत परत गेले. कॉम्प्युटरपुढे काय बोलणार माणूस?

अण्णांनी अंगणात जाऊन आभाळ बघितलं. भुरभुर होती, तीही थांबत आलेली.

"दरडीला असा पाऊस लागत नाय," ते म्हणाले. "चार दिवस डोंगर भिजतो, मग सुटतो."

"अण्णा, लिहिलंय इथे."

ते माझ्याकडे बघत राहिले. तीस वर्षं घाट चालवलेला माणूस, आणि समोर मी, घाटात ज्याला उलट्या व्हायच्या. पण शिकलेला मुलगा मी होतो ना.

"तू बघितलास म्हणजे असंल," ते म्हणाले आणि चपला काढल्या.

वीरहून रेल्वेने जाऊ का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दुपारची गाडी गेली, पुढची कधी येईल नेम नाही, त्यापेक्षा उद्या सकाळी दरड निघाली की दीड तासात पोचू. सगळ्यावर उत्तर तयार होतं माझ्याकडे. वहिनीला फोन करून सांगितलं, घाट बंद आहे, उद्या येतो. आणि मग, गप्प बसेन तर मी कसला, नातेवाइकांच्या ग्रुपवर रीतसर संदेश टाकला. कशेडीत दरड, वाहतूक बंद, कृपया प्रवास टाळावा. वर जोडून दिलं, खात्रीलायक वृत्त.

तुम्हाला माहीत आहे आपल्याकडचे ग्रुप. नातेवाइकांतून तो गाववाल्यांच्या ग्रुपवर गेला, तिथून पोलादपूरच्या रिक्षावाल्यांच्या, तिथून कुठल्या तरी बातम्यांच्या पोर्टलवाल्याच्या. तासाभरात पाच जणांनी तो मलाच परत पाठवला, सांभाळून जा म्हणून. मी सगळ्यांना हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

चारच्या सुमारास वहिनीचा फोन. इकडे तर म्हणतात रस्ता चालू आहे, म्हणाली. मी म्हटलं, वहिनी, लोक काय वाट्टेल ते बोलतात. तरी मनात चुकचुकलं म्हणून सहायकाला पुन्हा विचारलं. आता त्याने दोन ठिकाणांचा आधार दिला. एक ते मघाचं पान, आणि दुसरं त्या पोर्टलवरची ताजी बातमी. बघा, म्हटलं, दुजोरा मिळाला.

सहा वाजता हनीफचाचा स्वतः आले. चेहरा पडलेला.

"सुध्या, तुझा बरोबर होता रे. माझी दुसरी गाडी पोलादपूरला थांबलीय. ड्रायव्हर म्हणतो, घाट बंद हाय, सगळ्यांच्या मोबाइलवर आलाय."

आणि त्यांनी माझी माफी मागितली. त्या माणसाने माझी माफी मागितली, आणि मी ती मोठ्या मनाने स्वीकारली.

अण्णा त्या संध्याकाळी फारसे जेवले नाहीत. बाटली टेबलावर होती. मी विचारलं, फ्रिजमध्ये ठेवू का? नको, म्हणाले, विहिरीचा पाणी तसाच राहू दे. दोनदा उठून त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट आहे ना ते बघितलं.

पहाटे साडेपाचला फोन आला. आत्या गेली होती.

आम्ही लगेच निघालो. मी गाडी चालवत होतो, अण्णा शेजारी, बाटली मांडीवर धरून. पोलादपूर गेलं. बोगद्याकडे चढ लागला. रस्ता धुतल्यासारखा स्वच्छ. दोन्ही बाजूंनी हिरवं गवत, एक दगड जागचा हललेला नाही. अण्णा काचेतून बघत होते. बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "दरड कुठं पडलेली?"

"काढली असेल रात्रीत," मी म्हटलं.

"दरड काढली का रस्त्यावर लाल चिखल राहतो," ते म्हणाले. "आठ-आठ दिवस जात नाय."

मग बोगदा लागला. मला वाटलं त्यांनी ओरडावं, एसटीत कंडक्टरवर ओरडायचे तसं. ते नुसते बाटली धरून बसले होते.

घरी आत्याला बाहेरच्या खोलीत निजवलेलं होतं. अण्णा तिच्या उशाशी बसले, बाटली उघडली, तुळशीच्या पानाने पाणी तिच्या ओठांवर सोडलं. ते आत गेलं नाही, गालावरून खाली उतरलं. त्यांनी आपल्या उपरण्याने ते पुसलं.

"आक्के, उशीर झाला गो," ते म्हणाले.

माझ्याने बघवेना, मी पडवीत आलो. वहिनी मागून आली. मला वाटलं आता ही विचारणार. पण तिने भलतंच सांगितलं. आदल्या दिवशी संध्याकाळी शेजारची बाई महाडच्या एसटीने येऊन फाट्यावर उतरली होती आणि आत्याला म्हणाली होती, रस्ता चालू आहे, तुझा भाऊ का नाही आला?

"आई चिडल्या तिच्यावर," वहिनी म्हणाली. "अंगात तराण नव्हता, तरी उठून बसल्या. म्हणाल्या, माझा भाचा कॉम्प्युटरात बघतो. त्याने बंद हाय सांगितलान म्हणजे बंद हाय. घाट चालू असताना माझा बाळू घरात बसायचा नाय. मग शांत झोपल्या, भावजी. तुम्ही फोन केलात तेवढा बरा झाला."

मी मान हलवली. एवढी मोठी लबाडी मी जन्मात केली नसेल.

सगळं आटोपून दुसऱ्या दिवशी आम्ही महाडला आलो. मी लॅपटॉप उघडला आणि त्या पानाचा दुवा, जो आधीच उघडायला हवा होता, तो आता उघडला. वर मोठ्या अक्षरांत ‘महामार्ग स्थिती’. खाली आजची तारीख. म्हणजे खरोखर आजची, मी ते बघत बसलो होतो त्या दिवसाची. आणि खाली तेच. कशेडीत दरड, उद्या सकाळपर्यंत वेळ लागण्याची शक्यता. आत्या गेली तरी दरड तिथेच, आणि उद्याची सकाळही तिथेच.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत नाव होतं. निर्मिती, आणि पुढे माझं नाव.

हो, माझंच. त्याच्या आदल्या पावसाळ्यात मला समाजसेवेची उबळ आली होती. घाटांची खबर देणारी साइट काढायची म्हणून एका फुकटच्या जागेवर हे पान बनवून ठेवलं होतं. कसं दिसतं बघायला नमुना म्हणून एक दरड लिहिली. ‘नमुना’ हा शब्द लिहायचा राहिला. आणि तारीख रोज कोण बदलणार, म्हणून अशी युक्ती केली होती की जो दिवस असेल तीच तारीख आपोआप दिसावी. मग दुसरं काम आलं आणि मी सगळं विसरून गेलो. अशी अर्धवट पानं मी पंधरा-वीस करून ठेवली आहेत. ते पान मात्र इमानदारीने रोज आजची तारीख लावून माझी दरड पाडत बसलं होतं, कोणीतरी विचारायला येईल म्हणून. आणि विचारायला आलो मीच.

मी उठून झोपाळ्यापाशी गेलो आणि अण्णांना सगळं सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही. त्यांनी झोपाळा थांबवला.

"म्हणजे लिवलेला तूच," ते म्हणाले.

"हो."

मग म्हणाले, "वहिनीला सांगू नको. आक्का मनात धरून गेली का भाऊ अडकला होता. तिचा तसाच राहू दे."

मला रडू आलं. चाळिशीचा माणूस, बापाच्या झोपाळ्याखाली बसून रडलो.

पान मी त्याच दिवशी काढून टाकलं. हनीफचाचांच्या घरी जाऊन त्यांची माफी त्यांना परत केली, आणि माझीही मागितली. मग त्या पोर्टलवाल्याला फोन करून सांगितलं, बाबा रे, कशेडीत दरड आलीच नव्हती, बातमी दुरुस्त कर. तो भला माणूस, लगेच करतो म्हणाला. संध्याकाळी त्याने छापलं, ‘कशेडीतील दरड हटवण्यात यश, वाहतूक पूर्ववत’.

आता पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. वर्षश्राद्धाला निघायची तयारी चालली होती. मला काय वाटलं कोण जाणे, मी सहायकाला विचारलं, गेल्या वर्षी त्या तारखेला कशेडी घाट बंद होता का? तो गेला, वाचून आला. म्हणाला, होय, बंद होता. दरड आली ती बातमी, दरड हटवली ती बातमी, आणि कुणा प्रवाशाने कुठेतरी लिहून ठेवलेलं की त्या दिवशी पोलादपूरला अडकून पडलो. तीन आधार. या वेळी बारीक ओळही नव्हती. माझ्या त्या एका पानाची तीन पिल्लं, आणि आई मी काढून टाकली तरी पिल्लं जोरात.

अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, तिन्ही बातम्या हळूहळू वाचल्या, शेवटची दोनदा. मग चष्मा काढून डोळे पुसले.

"बघ," म्हणाले, "आक्का शेवटपर्यंत खराच बोलली. खोटा तेवढा तू निघालास."

आणि श्राद्धाला निघायचं म्हणून चपला घालून ते हनीफचाचांच्या दाराकडे गेले, घाट चालू आहे का विचारायला.